उन्हाळ्यात मोजलेला सडा

एप्रिल-मे महिन्यात साताऱ्याच्या आसपासचा कुठलाही सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे उघडे खडकाळ पठार, पाहा. तापलेला काळपट-तांबडा जांभा, त्यातल्या भेगा आणि मध्ये मध्ये वाळक्या गवताचे पुंजके. इथे दुर्मीळ वनस्पती आहेत का, असे त्या दिवसांत कुणी विचारले तर चांगला जाणकारही गडबडेल. आणि प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीच्या कागदांत हा प्रश्न पावसाळा वगळून विचारायची सोय आहे.

खाणी, धरणे, मोठी बांधकामे यांना १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचना लागू होते. तिच्या पहिल्याच अर्जात, प्रकल्पाच्या हद्दीपासून १५ किलोमीटरच्या आत संरक्षित, महत्त्वाच्या किंवा संवेदनशील प्रजाती आहेत का, हे लिहावे लागते. पुढे अभ्यासाची कार्यकक्षा ठरते. सल्लागार मंडळी तिला 'टीओआर' (टर्म्स ऑफ रेफरन्स) म्हणतात. खाणींच्या प्रमाणित टीओआरमध्ये हवा, पाणी, आवाज, माती आणि वनस्पती-प्राणी या सगळ्यांची मूळ स्थिती पावसाळा सोडून एका हंगामात नोंदवावी, असे एकाच दमात म्हटले आहे. हवेपुरते हे अगदी बरोबर. पावसात धूळ खाली बसते आणि आकडे फसवे चांगले येतात. पण तीच अट वनस्पतींना लावली की उलटा प्रकार होतो.

वायतुऱ्याचेच घ्या. शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, नावातच सातारा. विज्ञानाला ही वनस्पती १९८२ मध्ये नवी म्हणून माहीत झाली आणि आज धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती संकटग्रस्त गणली जाते. सड्यावरच्या खळग्यात वीतभर पाणी साचले की चिखलातल्या कंदातून पाने फुटतात, मग दुभंगलेला तुरा वर येतो. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर, म्हणजे एक झाड दिसले म्हणून बी धरेलच असे नाही. पाणी आटले की वरचे सगळे वाळून जाते आणि उरतो जमिनीतला कंद. कंदीलपुष्पांचेही तसेच, तीही कंदावरच उन्हाळा काढतात. गेंद आणि सीतेची आसवे ही सड्यावरची इवली फुलझाडे तर वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात उगवून बी टाकून मरणारी. मे महिन्यात त्यांचे अस्तित्व मातीत मिसळलेल्या बियांपुरते. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते म्हणून तिचा बोलबाला, पण तिचे झुडूप निदान डोळ्यांना दिसते तरी.

सर्वेक्षण होते ते चौकटी टाकून. मोठ्या झाडांना १० × १० मीटर, झुडपांना ५ × ५, गवत आणि लहान रोपांना १ × १. चौकटीत काय किती ते मोजायचे, त्यावरून विविधतेचा निर्देशांक काढायचा. गणित चोख असते. पण सड्यावर एका पावलाच्या अंतरात जग बदलते: खळग्यात वायतुरा, काठच्या ओलसर मातीत गेंद, भेगेत तेरडा, अंगठाभर मातीच्या थरावर आणखी काही वेगळेच. त्यात जुलैतले सप्टेंबरमध्ये नसते. म्हणून पावसाळ्यातली एक फेरीही पुरत नाही. चांगला वनस्पतीतज्ज्ञ सड्यावर जाण्याआधी पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहातली वाळवलेली पाने चाळतो. कुठली जात कोणत्या महिन्यात, कुठल्या गावच्या हद्दीत मिळाली, हे त्यावर लिहिलेले असते. हे न करता केलेल्या यादीत सुबाभूळ, निलगिरी आणि घाणेरी हमखास भेटतात.

कायद्याचा आधारही तोकडाच. लाल यादीला आपल्याकडे स्वतःहून कायद्याचे बळ नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या वनस्पतींच्या परिशिष्टात २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत जेमतेम सहा नोंदी होत्या, आणि त्यात साताऱ्याच्या सड्यावरची एकही नव्हती. पवनचक्क्या तर २००६ च्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत. चाळकेवाडीच्या पठारासारख्या ठिकाणी वनजमीन नसेल, तर त्यासाठी हा अभ्यास करावाच लागत नाही. कासला २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, पण शेजारच्या सड्यांवरच्या त्याच फुलांना त्या हद्दीचा उपयोग नाही.

सापडले तरी किती उघड लिहायचे, हाही एक प्रश्न. अहवाल सार्वजनिक असतो. कंदीलपुष्पाच्या दहा-वीस रोपांचा नेमका अक्षांश-रेखांश छापला, तर कंद उकरणाऱ्यांना पत्ताच दिल्यासारखे. माझ्या मते नेमकी जागा फक्त तज्ज्ञ समितीला द्यावी, जाहीर प्रतीत गावाचे नाव पुरे.

व्यवस्थापन आराखड्यात मग 'दुर्मीळ वनस्पतींचे अन्यत्र रोपण' असे एक वाक्य येते. कंदीलपुष्पे बागेत वाढवता येतात, शिवाजी विद्यापीठात ती वाढवलीही आहेत. पण खाली पाणी न मुरू देणारा जांभा, वर चिकणमातीचा पातळ थर, आठवडेच्या आठवडे टिकणारे पाणी आणि फुलाच्या नळीत अडकून परागीभवन करणाऱ्या बारीक माश्या, हे सगळे कुंडीत कसे आणणार? बियांच्या रूपात असलेले गेंद तर कुणी उचलतच नाही, कारण ते यादीत नसतात.

ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, तिथे किमान ३० दिवस आधी सूचना निघते आणि अहवालाचा मराठी सारांश उपलब्ध करावा लागतो. पाने चाळताना आधी सर्वेक्षणाच्या तारखा शोधाव्यात, मग वनस्पतींची यादी. तारखा मार्च ते मे अशा असतील तर तेवढेच लेखी हरकतीत मांडावे: जून ते ऑक्टोबरची नोंद कुठे आहे? सुनावणीत आलेल्या महत्त्वाच्या मुद्द्यांची दखल प्रकल्पधारकाला अंतिम अहवालात घ्यावी लागते.