पार्श्वभूमी : ड्युअल बूट मशीनवर विंडोज लिनक्सचा ड्राइव्ह फॉरमॅट करायला का सांगतं?

विंडोजमध्ये ई किंवा एफ नावाचा अनोळखी ड्राइव्ह दिसतो आणि त्यावर डबल क्लिक केलं की ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ अशी खिडकी येते. ड्युअल बूट मशीनवर, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर, हे दिसलं तर ‘रद्द करा’शिवाय दुसरं काही दाबू नका. बहुतेक वेळा ते तुमचं लिनक्सचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) असतं आणि आतला डेटा शाबूत असतो. विंडोज त्याला आपलं समजतं, पण वाचू शकत नाही.

१९८३ मध्ये हार्ड डिस्कवाल्या पीसीबरोबर एमबीआर, म्हणजे पार्टिशनांचं टेबल डिस्कच्या सुरुवातीला ठेवायची पद्धत, आली. ५१२ बाइटच्या पहिल्या सेक्टरमध्ये टेबलाला ६४ बाइट, म्हणजे चारच नोंदी. त्या पुरेनात म्हणून एक्स्टेंडेड पार्टिशन आणि त्याच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह. आपल्याकडे असेंबल केलेल्या मशीनवर सी, डी, ई, एफ पाडून द्यायची पद्धत याच रचनेवर रुजली. जुन्या मशीनवर ती अजून भेटते, आणि तिथे एक खोच आहे. लिनक्समध्ये लॉजिकल पार्टिशनांचे नंबर ५ पासून सुरू होतात. मधलं एक उडवलं की पुढचे सगळे एकाने मागे येतात. डी हा ५, ई हा ६ आणि लिनक्स ७ असताना विंडोजमधून ई उडवला, की लिनक्स ६ वर येतं. ग्रबच्या (मशीन चालू होताना लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सुरुवातीच्या भागात मात्र ७ च लिहिलेला असतो, म्हणून मशीन ‘ग्रब रेस्क्यू’वर अडकतं. तिथे ‘एलएस’ने पार्टिशनं पाहायची, बूट फोल्डर कुठे आहे ते शोधायचं, मग ‘सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस६)/बूट/ग्रब’, ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. लिनक्स सुरू झाल्यावर ग्रब त्या डिस्कवर पुन्हा इन्स्टॉल करायलाच हवं, नाहीतर पुढच्या बूटला तेच.

एमबीआरच्या प्रत्येक नोंदीत एक बाइटचा टाइप कोड असे. एनटीएफएस या विंडोजच्या फाइलसिस्टिमला (फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीला) ०७, लिनक्सला ८३. टेबल पाहिलं की कुठलं कुणाचं ते कळायचं.

डिस्क २ टीबीच्या पुढे गेल्या तेव्हा एमबीआरचा ३२ बिटांचा सेक्टर क्रमांक अपुरा पडला आणि जीपीटी या नव्या पार्टिशन टेबलाकडे जावं लागलं. साधारणपणे १२८ नोंदी, टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी, आणि टाइप कोडला १ बाइटऐवजी १६ बाइट. इतकी ऐसपैस जागा असूनही लिनक्सच्या पार्टिशन टूल्सनी सुरुवातीची कित्येक वर्षं स्वतःचा कोड घेतलाच नाही. विंडोजचा ‘बेसिक डेटा’वाला कोड, म्हणजे ईबीडी०ए०ए२ ने सुरू होणारा, तोच लिनक्सच्या पार्टिशनांनाही लावला. समर्थन असं, की दोन्हीकडे डेटाच आहे, आणि लिनक्सचा कर्नल (गाभा) पार्टिशन माउंट करताना, म्हणजे वापरायला जोडताना, टाइप कोड बघत नाही, आत कुठली फाइलसिस्टिम आहे ते बघतो. लिनक्सपुरतं हे खरं. पण विंडोज कोड बघूनच ड्राइव्हला अक्षर देतं. आत एनटीएफएससारखी ओळखीची फाइलसिस्टिम सापडली नाही की ते पार्टिशन ‘रॉ’ ठरवतं आणि फॉरमॅटची खिडकी पुढे करतं. सामायिक डिस्कवर कोड हीच मालकीची पाटी असते. ती दुसऱ्याच्या नावाने लावणं चूकच होतं. खिडकीत ‘फॉरमॅट’चं बटण इतकं हाताशी ठेवणं हाही दोष आहे, पण तो दुय्यम.

२०११ मध्ये लिनक्ससाठी ०एफसी६३डीएएफ ने सुरू होणारा वेगळा कोड ठरला. जीडिस्क या पार्टिशन टूलमध्ये तो ८३०० असा दिसतो, विंडोजवाला ०७०० असा. जुनी पार्टिशनं मात्र आपोआप बदलली नाहीत. लिनक्स वर्षानुवर्षं अपग्रेड करत आलेल्या किंवा जुन्या टूलने पाडलेल्या डिस्कवर ०७०० अजून सापडतो.

दुरुस्ती सोपी आहे. लिनक्समधून रूट (अॅडमिन) हक्काने जीडिस्क डिस्कवर उघडा (पार्टिशनवर नव्हे). ‘बी’ने टेबलाचा बॅकअप फाइलमध्ये घ्या आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. ‘पी’ने यादी पाहा, ‘टी’ देऊन पार्टिशनचा नंबर आणि ८३०० टाका, पुन्हा ‘पी’ने खात्री करा, मग ‘डब्ल्यू’. डेटाला धक्का लागत नाही. फक्त पाटी बदलते. पुढच्या वेळी विंडोजमध्ये तो ड्राइव्ह दिसत नाही.

फॉरमॅट दाबलंच असेल आणि साधी हार्ड डिस्क असेल, तर मशीन लगेच बंद करून लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समधून) आधी पूर्ण डिस्कची प्रत काढा. प्रयोग प्रतीवर करा. क्विक फॉरमॅटमध्ये एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमचा पहिला सुपरब्लॉक, म्हणजे तिची मूळ माहिती असलेला ब्लॉक, जातो, पण ४ केबीच्या ब्लॉकवर ३२७६८ आणि ९८३०४ या ठिकाणी त्याच्या प्रती असतात. ई२एफएसके या लिनक्सच्या दुरुस्ती टूलला स्मॉल बी पर्यायात ३२७६८ आणि कॅपिटल बी पर्यायात ४०९६ दिलं, की तो तिथून सुरुवात करतो. एसएसडीवर आशा फार कमी, कारण फॉरमॅटबरोबरच ट्रिमचा, म्हणजे ती जागा रिकामी समजायचा, हुकूम जातो.

२०१२ मध्ये विंडोज ८ ने फास्ट स्टार्टअप आणलं. ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज अर्धवट हायबरनेट झालेलं (स्थिती डिस्कवर साठवून झोपलेलं) असतं, म्हणून लिनक्स सी ड्राइव्हवर लिहायला नकार देतं. हा बिघाड समजून जबरदस्तीने माउंट करू नका, तशाने फाइली खराब होतात. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या आणि मग बंद करा.

सगळ्यात धोक्याचं वळण जानेवारी २०२४ चं. विंडोज १० चं एक सुरक्षा अपडेट रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीची साधनं असलेलं) लहान असल्यामुळे ०एक्स८००७०६४३ या एररने अडकू लागलं. अधिकृत उपाय असा, की सी ड्राइव्ह २५० एमबीने आकसवा, रिकव्हरी पार्टिशन उडवा आणि मोठं करून पुन्हा पाडा. यात रिकव्हरी सीला लागूनच आहे असं गृहीत धरलेलं आहे. ड्युअल बूट मशीनवर मधल्या जागेत बहुधा लिनक्स बसलेलं असतं, त्यामुळे सुटलेले २५० एमबी रिकव्हरीला जोडताच येत नाहीत. अशा वेळी सीमधून साधारण १ जीबी काढा, नवं रिकव्हरी पार्टिशन तिथेच पाडा आणि जुनं नंतर उडवा. विंडोजच्या डिस्कपार्ट टूलमध्ये ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’ देण्यापूर्वी यादी नीट वाचा, कारण तो पुन्हा विचारत नाही. ८३०० कोडचं लिनक्स तिथे ‘अननोन’ दिसतं. ०७०० राहून गेलेला असेल तर ते विंडोजच्या पार्टिशनांसारखंच ‘प्रायमरी’ दिसतं आणि ओळखायला फक्त आकार उरतो.