प्रयोगशाळेचा एक्झॉस्ट बदलायचाय? अर्जाला काय काय जोडाल

फ्युम हूडपुढे (रसायनांच्या वाफा ओढून बाहेर फेकणारं, पुढून उघडं कपाट) उभं राहूनही आम्लाचा वास नाकात शिरायला लागला की ‘मोठा पंखा बसवून द्यावा’ असा एका ओळीचा अर्ज जातो. तो परत येतो, आणि यायलाच हवा. जेवढी हवा बाहेर फेकायची, जवळपास तेवढीच ताजी हवा खोलीत यावी लागते. ती सोय नसताना पंखा वाढवला तर दार ओढून उघडावं लागतं, वास मात्र तिथेच.

अर्ज सहसा विभागप्रमुखांच्या सहीने सुरक्षा समितीकडे आणि तिथून अभियांत्रिकी विभागाकडे जातो. संशोधक विद्यार्थ्यांनी नोंदवलेल्या लेखी तक्रारींच्या प्रती सोबत लावा. त्यांचं वजन पडतं. खोली नुसती तापते म्हणून हा अर्ज करू नका, तो विषय वातानुकूलनाचा.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे हूडच्या तोंडाशी हवेचा वेग मोजल्याचा अहवाल. सॅश, म्हणजे हूडच्या तोंडावरची सरकती काच, कामाच्या उंचीवर ठेवायची, तोंडाचे काल्पनिक चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात वेग मोजायचा. साधारणपणे सेकंदाला 0.4 ते 0.6 मीटर वेग योग्य धरतात. नुसती सरासरी देऊ नका, प्रत्येक चौकोनाचा आकडा लिहा. एक कोपरा मेलेला असला तर सरासरीत तो लपतो. आणि वेग जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त, असंही नाही. फार वेगात भोवरे होतात आणि वाफ उलट तोंडावर येते.

रसायनांची यादी आणि त्यांची सुरक्षा माहितीपत्रकं लागतातच. यादीत परक्लोरिक आम्ल असेल आणि ते तापवत असाल, तर ठळक लिहा. त्याचे क्षार डक्टमध्ये, म्हणजे हवा बाहेर नेणाऱ्या नळीत, साचून स्फोट होऊ शकतो, म्हणून पाण्याने धुता येणारा स्वतंत्र हूड मागावा लागतो. इमारत जुनी असेल तर हूडच्या अस्तरात किंवा डक्टमध्ये ॲस्बेस्टॉस आहे का, याचा तपासणी अहवाल तोडफोडीआधीच हवा.

खोलीचा नकाशा, डक्टचा मार्ग, अंदाजपत्रक हे नेहमीचंच. गच्चीचा नकाशा मात्र विसरला जातो. त्यात धुराड्याची उंची (गच्चीपासून किमान 3 मीटर) आणि ताजी हवा ओढणाऱ्या जाळ्या कुठे आहेत ते दाखवा. नकाशात धुराड्यावर पावसाची टोपी दाखवली असेल तर खोडा. ती धूर खाली दाबते.

मंजुरीनंतर प्रयोगशाळा बंद ठेवण्याच्या तारखा लेखी ठरवून घ्या. काम झाल्यावर हूडमध्ये धूर सोडून चाचणी होते. ती तुमच्यासमोर, खोलीतले सगळे हूड चालू ठेवून झाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करू नका.