दीड पॉइंटची अ‍ॅनिका त्सायेन आणि तिच्यामागचा इतिहास

जर्मनीची व्हीलचेअर बास्केटबॉल प्लेअर अ‍ॅनिका त्सायेनबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन ओळींत अपघात येतोच. तर तो उरकून टाकू. 1985 चा जन्म, बॉन शहरातली, 14 वर्षांची असताना घोड्यावरून पडली आणि व्हीलचेअरवर आली. झालं. त्यापुढे जर्मनीकडून साडेतीनशेच्या वर इंटरनॅशनल मॅचेस खेळली ती, आणि मला विचाराल तर खरी स्टोरी तिथेच आहे, कारण व्हीलचेअर बास्केटबॉल हा तिच्यासारख्या प्लेअरशिवाय चालूच शकत नाही, नियमच तसा आहे.

या खेळात प्रत्येकीला 1 ते 4.5 पॉइंट दिलेले असतात, धडावर कंट्रोल जितका कमी तितके पॉइंट कमी, आणि कोर्टवरच्या पाच जणींची बेरीज 14 च्या वर जाऊ द्यायची नाही. म्हणजे पाचही तगड्या उतरवल्या असं जमतच नाही, कमी पॉइंटवाल्या लागतातच. अ‍ॅनिका 1.5 ची. तिचं मेन काम काय, तर समोरच्या टीममधल्या उंच प्लेअरच्या वाटेत आपली खुर्ची आडवी घालायची आणि तिला तिथेच अडकवून ठेवायची, तोवर मारिना मोनेन किंवा गेशे श्युनेमान यांच्यासारखी 4.5 वाली मोकळी सुटते आणि बास्केट तिच्या नावावर लागते. स्कोअरशीटवर हे काम दिसत नाही, हायलाइट्समध्ये तर नाहीच नाही, पूर्ण मॅच बघितली तरच कळतं.

आता थोडं मागे जाऊ. पॅरालिम्पिक चळवळीचा जनक म्हणतात ते डॉक्टर लुडविग गुटमान जर्मनच, पण ज्यू, त्यामुळे 1939 मध्ये नाझींपासून जीव वाचवून इंग्लंडला गेले आणि तिथे स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये 1948 ला जखमी सैनिकांच्या स्पर्धा सुरू केल्या. 1960 च्या रोम पॅरालिम्पिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल होतं, बायकांचं यायला 1968 उजाडलं, तेल अवीवला. (1972 चं पॅरालिम्पिक जर्मनीतच, हायडेलबर्गला, आपल्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात गोल्ड घेतलं ते हेच.) मग 1984 ला अमेरिकेतल्या इलिनॉय युनिव्हर्सिटीने पैशांअभावी हात वर केले म्हणून पॅरालिम्पिकमधल्या व्हीलचेअरवाल्यांच्या स्पर्धा ऐनवेळी स्टोक मँडेव्हिलला हलवल्या, आणि पश्चिम जर्मनीच्या बायकांनी बास्केटबॉलचं गोल्ड जिंकलं, तेही जर्मनीतून पळून यावं लागलेल्या डॉक्टरच्या अंगणात. गुटमान हे बघायला नव्हते, 1980 ला गेले. त्यानंतर 1988 ला सोलमध्ये सिल्व्हर आलं, पण गोल्ड काही येईना.

ते परत आणणारी पिढी अ‍ॅनिकाची. जर्मनीच्या लीगमध्ये बायका आणि पुरुष एकाच टीममध्ये खेळतात, वर बाईला पॉइंटमध्ये सूट मिळते, त्यामुळे क्लबलाही तिला घेणं परवडतं, आणि दर वीकेंडला पुरुषांच्या खुर्च्यांशी टक्कर घेऊन घेऊन या पोरी तयार झाल्या. भरीला अमेरिकेतल्या कॉलेज टीम्स. अ‍ॅनिका अलाबामा युनिव्हर्सिटीत गेली, तिची टीममेट एडिना म्युलर इलिनॉयला. कोच होल्गर ग्लिनिकी.

2008 ला बीजिंगच्या फायनलमध्ये अमेरिकेने 50-38 असं हरवलं. 2012 ला लंडनमध्ये मात्र ऑस्ट्रेलियाला 58-44 ने लोळवून 28 वर्षांनी गोल्ड. रिओत 2016 ला परत फायनल, परत अमेरिका, 62-45, परत सिल्व्हर.

तिथे तिने बास्केटबॉल सोडलं. आधी व्हीलचेअर रेसिंग करून पाहिलं, मग हँडसायकल, म्हणजे हातांनी चालवायची सायकल, आणि 2021 ला टोकियोमध्ये टाइम ट्रायलचं, म्हणजे एकेकटीने घड्याळाशी लावायच्या शर्यतीचं गोल्ड. एडिना तर लंडननंतरच कनूकडे, म्हणजे होडी वल्हवण्याच्या शर्यतींकडे वळली होती, तिनेही टोकियोलाच गोल्ड मारलं. म्हणजे लंडनच्या टीममधल्या दोघींची दोन वेगवेगळ्या खेळांत गोल्ड, आणि त्याच टोकियोत जर्मनीची बास्केटबॉल टीम ब्राँझची मॅच अमेरिकेकडून हरून चौथी.