मोबाइल नंबरचा रकाना: सक्तीचा ठेवावा की ऐच्छिक?

आमचं बिलिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दुकानदारांसाठी माहितीपत्रक

गिऱ्हाईक एक वस्तू घेऊन रांगेत उभं असतं. पाळी येते आणि वस्तू स्कॅन व्हायच्या आधीच फर्मान सुटतं, "मोबाइल नंबर सांगा." गिऱ्हाईक विचारतं, "कशाला?" कॅशियर म्हणतो, "सिस्टिमला लागतो."

इथे सिस्टिम म्हणजे आमचं सॉफ्टवेअर, म्हणून खुलासा आम्हीच केलेला बरा. सिस्टिमला नंबर लागत नाही. वस्तू, नग, दर, कर, तारीख आणि बिल क्रमांक एवढ्यावर बिल निघतं. नंबरचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नसेल, तर तुमच्याकडे तो कुणीतरी सक्तीचा करून ठेवला आहे. तो ऐच्छिक करा, असा आमचा सल्ला आहे. गिऱ्हाइकाची चिडचिड हे त्याचं एक कारण झालंच, पण धंद्याच्या दृष्टीने मोठं कारण वेगळं आहे: सक्तीने भरलेली यादी कामाची राहत नाही.

सक्तीच्या यादीत काय भरतं

रांगेत आठ माणसं आहेत, समोरचं गिऱ्हाईक नंबर द्यायला तयार नाही आणि स्क्रीन पुढे सरकत नाही. अशा वेळी कॅशियर एकतर दहा वेळा नऊ दाबतो, नाहीतर स्वतःचा नंबर टाकतो. तुमच्याकडे हे होतं का, ते पाहायला दोन मिनिटं लागतात. ग्राहकनिहाय बिलांचा अहवाल काढा आणि बिलांच्या संख्येप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. पहिल्या पाच-दहा ओळींमध्ये ९९९९९९९९९९, १२३४५६७८९० आणि तुमच्याच नोकरांचे नंबर दिसले, तर यादीच्या बाकीच्या भागावरही फार विश्वास ठेवू नका. महिन्याला दोनशे बिलं करणारं गिऱ्हाईक किरकोळ दुकानात नसतं.

पॉइंटची योजना चालू असेल तर प्रकरण आणखी बिघडतं. नकार देणाऱ्या गिऱ्हाइकांचे पॉइंट कॅशियरच्या नंबरवर साठत जातात आणि एक दिवस तो त्यातून सूट घेतो. ही अफरातफरच आहे, पण तिला वाट त्या सेटिंगने करून दिली.

गिऱ्हाईकही काही कमी नसतं. पिच्छा सोडवायला ते मनाला येईल तो नंबर ठोकून देतं. असा नंबर बहुधा कुणाचा तरी असतोच. त्या अनोळखी माणसाला तुमच्या दुकानाचं बिल जातं, मग सेलचे मेसेज जातात. तो वैतागून तुम्हाला ब्लॉक करतो किंवा स्पॅम म्हणून तक्रार करतो. व्हॉट्सॲपच्या व्यवसाय खात्यावर अशा तक्रारी वाढल्या की मेसेज पाठवण्यावरच मर्यादा येते. म्हणजे ज्यांनी राजीखुशीने नंबर दिला, त्यांच्यापर्यंतही तुम्ही पोचत नाही.

खरा नंबरही कायमचा खरा राहत नाही. बंद पडलेले नंबर मोबाइल कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात. जुन्या मालकाची खरेदी, पॉइंट आणि नाव तुमच्या यादीत त्याच नंबरखाली पडून असतं. नवा मालक सहज दुकानात आला आणि त्याने नंबर सांगितला, तर कॅशियर त्याला भलत्याच नावाने हाक मारतो. म्हणून नंबर हे निरोप पोचवायचं साधन समजा, ओळखपत्र नव्हे.

शिवाय एका घरात एकच नंबर सगळे सांगतात. नवऱ्याने बायकोसाठी भेट घेतली आणि सवयीने घरचा नंबर सांगितला, की भेट घरी पोचायच्या आधी किंमतीसकट बिल तिच्या फोनवर. हा प्रकार हसण्यावारी नेता येतो. औषधं, गर्भचाचणीचं किट, आतले कपडे यांची बिलं घरच्या सामाईक फोनवर गेली, तर तो हसण्याचा विषय राहत नाही. अशा वस्तूंसाठी ई-बिलावर वस्तूंची नावं न छापता फक्त एकूण रक्कम दाखवायची सोय आहे. ती चालू ठेवा.

विचारायचं कधी, आणि कसं

स्कॅनिंगच्या आधी विचारलं की नंबर दिल्याशिवाय माल मिळणार नाही, असा गिऱ्हाइकाचा समज होतो. पैसे दिल्यानंतर विचारा. व्यवहार पुरा झालेला असतो, दडपण नसतं, आणि जो नंबर मिळतो तो बहुतेक खरा असतो.

वाक्यही बदला. "मोबाइल नंबर सांगा" हा हुकूम झाला. "बिल कागदावर देऊ की मोबाइलवर पाठवू?" हा प्रश्न झाला, आणि नंबर कशासाठी हवा तेही त्यातच आलं. कागद म्हटलं की कागद द्यायचा. "का बरं?" नाही, "सगळेच देतात" नाही, "फक्त एकदाच" तर नाहीच. सवलतीसाठी नंबर हवा असेल तर तसं सरळ सांगा आणि सवलत किती तेही सांगा, म्हणजे गिऱ्हाइकाला हिशेब करता येतो.

दहा आकडे रांगेत मोठ्याने उच्चारायला लावणं ही वेगळी आफत. मागचे तीन जण ते ऐकतात. गिऱ्हाइकाच्या बाजूला छोटा कीपॅड ठेवला की हा प्रश्न सुटतो, पण दोन गोष्टी तपासा. पहिली, नंबर टाकून झाल्यावर स्क्रीनवर शेवटचे चारच आकडे दिसावेत. दुसरी, नंबर टाकताच "नमस्कार अमुक अमुक" असं पूर्ण नाव झळकत असेल तर ते बंद करा. नाहीतर कुणीही कुणाचाही नंबर टाकून नाव काढू शकतो.

काही दुकानं नंबर खरा आहे की नाही हे पाहायला ओटीपी पाठवून तो गिऱ्हाइकाला बोलून दाखवायला लावतात. हे आम्हाला अजिबात पसंत नाही. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँका जीव तोडून सांगतात आणि आपण काउंटरवर उलटी सवय लावतो. पडताळणी हवीच असेल तर ओटीपी गिऱ्हाइकाने स्वतः कीपॅडवर टाकावा.

आणि हो, काउंटरवर दोरीने बांधलेली नाव-नंबरची वही. वरच्या वीस लोकांची माहिती वाचून एकविसावा सही करतो. ती उचलून ठेवा.

कुठे माहिती खरंच लागते

घरपोच माल द्यायचा असेल तर पत्ता आणि माल आणणाऱ्याला फोन करायला नंबर. दुरुस्तीला वस्तू ठेवून घेतली असेल किंवा माल मागवून द्यायचा असेल तर निरोपासाठी नंबर. उधारीवर किंवा हप्त्यावर विक्री असेल तर ओळख. दुसऱ्या व्यावसायिकाला माल विकत असाल तर त्याचं नाव आणि कर क्रमांक. याखेरीज मोठ्या रकमेच्या विक्रीवर आणि काही औषधांवर कायद्याने नोंद ठेवावी लागते. तिथे विचारताना कायद्यासाठी विचारतोय हे सांगा, गिऱ्हाईक सहसा कुरकुर करत नाही.

वॉरंटीसाठी नंबर लागतोच, हा सर्रास सांगितला जाणारा समज आहे. वॉरंटीला बिल क्रमांक, तारीख आणि वस्तूचा अनुक्रमांक लागतो. अनुक्रमांक बिलावर छापला की काम झालं. अडचण आहे ती कागदाची: थर्मल कागदावरची छपाई उन्हाने, उष्णतेने आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवल्यानेही उडते. ज्या वस्तूला दोन वर्षांची वॉरंटी आहे तिचं बिल सहा महिन्यांत कोरं झालं तर काय उपयोग? म्हणून बिलाचा लगेच फोटो काढून ठेवा, असं सांगा, किंवा ई-बिल द्या.

वयाची अट असलेल्या मालासाठी ओळखपत्र बघायचं, "वय तपासलं" या खुणेवर टिक करायची आणि परत द्यायचं. जन्मतारीख टाइप करायची नाही, फोटो तर नाहीच. वाढदिवसाची सवलत देत असाल तर दिवस आणि महिना पुरतो, साल कशाला हवं? कार्डाच्या मागचे तीन आकडे कुठेही लिहून ठेवू नका. कार्ड उद्योगाच्या पीसीआय डीएसएस मानकानुसार व्यवहार मंजूर झाल्यानंतर ते साठवायला पूर्ण मनाई आहे, अगदी एन्क्रिप्ट करूनही.

"नुसता पिन कोड तर विचारतोय"

कोणत्या भागातून गिऱ्हाईक येतं ते कळावं म्हणून पिन कोड विचारणारे बरेच आहेत. तो निरुपद्रवी वाटतो, पण कार्डावरचं नाव आणि पिन कोड एकत्र आले की विकत मिळणाऱ्या याद्यांमधून घरचा पत्ता काढता येतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नेमक्या अशाच प्रकरणात निकाल दिला: कार्डाने पैसे देणाऱ्याचा झिप कोड (म्हणजे तिथला पिन कोड) हीसुद्धा वैयक्तिक ओळखीची माहिती आहे आणि तो मागून नोंदवता येणार नाही. तुम्हाला भागच कळायला हवा असेल तर बिलाशी न जोडता पाच-सहा भागांची बटणं ठेवा आणि नुसते आकडे मोजा.

गोळा केलेली यादी दुकानाच्या मागे कशी उरते, याचं उदाहरण अमेरिकेतल्या रेडिओशॅकचं. बॅटरी घेणाऱ्यालाही नाव-पत्ता विचारणारं दुकान म्हणून ते प्रसिद्ध होतं. लोकांच्या कटकटीमुळे २००२ मध्ये त्यांनी ते विचारणं थांबवलं. पण २०१५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा मालमत्तेबरोबर ग्राहकांच्या नोंदीही विक्रीला निघाल्या, आणि अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांना हरकत घ्यावी लागली.

कायदाही याच दिशेने चालला आहे. युरोपात २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा कामापुरतीच माहिती घ्या असं सांगतो. भारताच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये, नंबर दिला नाही म्हणून माल नाकारू नये, असं दुकानदारांना कळवलं. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात संमती विनाअट आणि ठराविक कामापुरतीच असावी, असं म्हटलं आहे.

सेटिंग बदलायची रीत

१. मालकाच्या लॉगिनने शिरा. ग्राहक माहितीच्या पानावर नाव, नंबर, ईमेल आणि पत्ता या चारही रकान्यांसमोरची "सक्तीचा" ही खूण काढा.

२. "काउंटर विक्री" नावाचं एकच सामाईक खातं तयार करा आणि नंबर न देणाऱ्यांची बिलं आपोआप त्यावर जातील असं ठेवा. या खात्यावर पॉइंट बंद करायला विसरू नका. विसरलात तर अफरातफरीची वाट पुन्हा उघडी.

३. नंबर विचारायची खिडकी पैसे जमा झाल्यानंतर उघडेल असं करा आणि तिच्यात "नको" हे बटण "पाठवा" इतकंच मोठं ठेवा.

४. संमतीच्या दोन वेगळ्या खुणा ठेवा: एक फक्त या बिलासाठी, दुसरी जाहिरातीच्या मेसेजसाठी. दुसरी आधीपासून टिक केलेली नसावी. बिलासाठी दिलेल्या नंबरवर सेलचा मेसेज गेला की पुढच्या वेळी बिलासाठीही नंबर मिळत नाही.

५. यादी एक्सेलमध्ये उतरवायची परवानगी फक्त मालकाकडे ठेवा. नोकरी सोडून जाणारा माणूस जाताना सगळ्यात सहज नेतो ती ही फाइल. त्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद करा.

इतकं करूनही काही दुकानांत आठवड्याभरात जुनाच प्रकार सुरू झालेला दिसतो. कारण सॉफ्टवेअरमध्ये नसतं. किती टक्के बिलांवर नंबर आहे, यावर कॅशियरचं मूल्यमापन होत असतं. हे मोजमाप चालू आहे तोवर तो मागतच राहणार, नाहीतर स्वतःचा नंबर टाकणार. मोजायचंच तर पाठवलेल्यांपैकी किती ई-बिलं उघडली गेली, ते मोजा.

नंबर न घेता ई-बिल

गिऱ्हाइकाच्या बाजूच्या स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवता येतो. तो स्कॅन केला की बिल त्याच्या फोनवर उघडतं, नंबर द्यावा लागत नाही. कॅमेऱ्याला कोड पकडायला वेळ लागतो म्हणून तो किमान २० सेकंद स्क्रीनवर राहू द्या. पुढचं बिल सुरू होताच मात्र तो पुसला गेला पाहिजे.

यातली खोच लिंकमध्ये आहे. लिंकच्या शेवटी नुसता बिल क्रमांक असेल, उदाहरणार्थ ४५१२, तर कुणीही तिथे ४५१३ टाकून पुढच्या गिऱ्हाइकाचं बिल वाचू शकतो. आमच्या सध्याच्या आवृत्तीत तिथे लांबलचक यादृच्छिक अक्षरं येतात. तुमच्या लिंकच्या शेवटी साधा क्रमांक दिसत असेल तर आवृत्ती जुनी आहे. आधी ती बदला, मग क्यूआर चालू करा.

जुन्या यादीचं काय?

आधी उघड खोटे नंबर काढा: सगळे आकडे सारखे असलेले, चढत्या क्रमाचे, आणि नोकरांचे. मग दोन वर्षांत ज्यावर एकही बिल झालं नाही ते काढा. यादी निम्म्यावर आली तरी घाबरू नका. गेलेल्यांपैकी फारसं कुणी तुमचे मेसेज वाचत नव्हतंच.

कुणी "माझी माहिती काढून टाका" म्हणालं, तर "ग्राहक पुसा" वापरा. त्याने नाव, नंबर आणि पॉइंट जातात. बिलं मात्र "काउंटर विक्री" खात्यावर राहतात, त्यामुळे हिशेब आणि कराचे अहवाल बदलत नाहीत. बॅकअपमध्ये जुनी प्रत उरते, हे लक्षात असू द्या. बॅकअप परत चढवायची वेळ आली तर पुसलेली नावंही परत येतात, म्हणून कोणाला पुसलं त्याचे फक्त ग्राहक क्रमांक एका कागदावर टिपून ठेवा.

अडचण आली तर आम्हाला बिल क्रमांक आणि स्क्रीनवर आलेला चूक दाखवणारा संदेश कळवा, तेवढ्यावर काम होतं. स्क्रीनचा फोटो पाठवताना गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर झाकून घ्या. ग्राहकांची यादी तर पाठवूच नका, ती आम्हालाही लागत नाही.