कन्व्हर्टिबल हुडाची प्लास्टिक खिडकी (निगा)

कन्व्हर्टिबल म्हणजे छप्पर उघडता येणाऱ्या गाडीच्या कापडी हुडाला (घडी होणाऱ्या छपराला) मागे जी वाकणारी पारदर्शक खिडकी असते तिला सगळे काचच म्हणतात, पण ती असते मऊ केलेल्या पीव्हीसीची शीट आणि तिची निगा कशी राखायची ते सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, मझदा एमएक्स-५ ची १९८९ ला आलेली पहिली पिढी, बीएमडब्ल्यू झेड३, पोर्शे बॉक्सस्टरचं सुरुवातीचं ९८६ मॉडेल, या सगळ्यांना अशीच खिडकी होती. प्लास्टिक हलकं आणि हुडासोबत घडी होतं, म्हणून ते वापरलं. फोक्सवॅगन बीटलच्या कॅब्रिओलेटला मागे खरी काच होती, पण तिचं हुड खाली केल्यावर मागे केवढा ढीग व्हायचा ते फोटोत बघावं.

हुडाच्या खिडकीला सुरुवातीला नेमका कुठला पदार्थ वापरायचे यावर एकमत नाही. जुन्या उघड्या मोटारींच्या बाजूच्या पडद्यांत 'आयझिंग्लास'च्या खिडक्या असायच्या असं सर्रास लिहिलेलं सापडतं. या शब्दाचा मूळ अर्थ स्टर्जन माशाच्या हवेच्या पिशवीपासून निघणारा जिलेटिनसारखा पदार्थ, शब्द बहुधा डचमधून इंग्रजीत गेला, आणि पुढे दिसायला तसंच म्हणून अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांनाही तेच नाव पडलं. त्यामुळे काहीजण या खिडक्या अभ्रकाच्या होत्या असं मानतात, तर काहींच्या मते मोटारी येईपर्यंत ते नाव सेल्युलॉइडलाही लागलेलं होतं. शेगडीच्या दाराला अभ्रक ठीक, कारण ते आच सोसतं, पण पडदा गुंडाळायचा म्हटलं की अभ्रकाचे पापुद्रे सुटतात आणि तुकडा मोडतो, त्यामुळे गुंडाळायच्या पडद्यांपुरतं तरी सेल्युलॉइडचं मत जास्त पटतं. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज अधिक कापूर. देवघरातल्या डबीतला कापूर जसा आपोआप कमी होत जातो तसाच तो या शीटमधूनही उडून जातो, आणि शीट पिवळी पडते, कडक होते, तडकते. वर ती पेटायलाही सोपी.

पीव्हीसीच्या शोधाबद्दलही असाच घोळ आहे. श्रेय कधी फ्रान्सच्या रेन्योला देतात (साल १८३५ किंवा १८३८), कधी जर्मनीच्या बाउमानला (१८७२). रेन्योला मिळालेला पदार्थ पीव्हीसीच होता का याबद्दल शंका घेतात, त्यामुळे बाउमानचं नाव धरलेलं बरं. पण खिडकीच्या दृष्टीने महत्त्वाचं काम अमेरिकेत गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन यांचं, साधारण १९२६ चं, त्यांनी मुळात कडक असलेलं पीव्हीसी प्लास्टिसायझर घालून मऊ केलं. हे प्लास्टिसायझर म्हणजे बहुतेक वेळा थॅलेट जातीचं तेलकट द्रव्य, आणि इथेही कापराचीच गोष्ट पुन्हा घडते, ऊन, उष्णता आणि चुकीची केमिकल्स यांनी ते हळूहळू बाहेर पडतं आणि शीट ताठ होत जाते. पिवळेपणाचं कारण वेगळं, अतिनील किरणांनी पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराईड सुटतं आणि मागे उरलेल्या रेणूंच्या साखळ्या रंग दाखवायला लागतात. हा पिवळेपणा शीटमध्ये जेवढा खोल उतरलेला असेल तेवढा पॉलिशने जात नाही.

धुण्याचा नियम एकच, कोरडं फडकं लावायचं नाही. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते या शीटपेक्षा कितीतरी कठीण असतात. एका मित्राच्या जुन्या जीपचं हुड एका वॉशिंगवाल्याने फक्त कोरडं पुसून दिलं होतं, संध्याकाळी मागच्या गाडीचे दिवे त्या खिडकीवर पडले की गोल गोल जाळं दिसायचं, ते आजही दिसतं. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग साध्या साबणाच्या कोमट पाण्याने जुन्या बनियनच्या मऊ सुती फडक्याने किंवा मायक्रोफायबरने हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसायचं. टिश्यू पेपर नको. अमोनिया असलेलं काचेचं क्लिनर, थिनर, पेट्रोल, स्पिरिट यातलं काहीही नको, स्पिरिट-थिनर तर आतलं तेलच ओढून घेतात. शेवटी '३०३' या ब्रँडसारखं अतिनील किरण अडवणारं प्रोटेक्टंट लावतात, ते वेळोवेळी लावावं लागतं.

खरं नुकसान मात्र घडीत होतं. एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत खिडकी चेनवर असते, हुड खाली करण्याआधी चेन उघडून ती सपाट झोपवायची, म्हणजे वळच पडत नाही. बॉक्सस्टरमध्ये ही सोय नाही, तिथे मालक लोक हुड अर्धं उघडल्यावर थांबवतात, खिडकीच्या मधोमध तळहाताच्या कडेने हलकी थाप देऊन घडी नीट आत बसवतात आणि मग पुढे उघडतात, याला 'बॉक्सस्टर चॉप' असंच नाव पडलंय. घडीत स्वच्छ टॉवेलची गुंडाळी ठेवली तर वळ गोलसर राहतो. थंडीत हुड उघडूच नये, गार पडलेली शीट वळावर सरळ तडकते, आधी उन्हात किंवा हीटर लावून ती मऊ पडू द्यावी. ओलं किंवा धुळकट हुड घडी करून ठेवणं हाही तोटाच, आतली माती दोन थरांत घासत राहते.

धुरकट झालेल्या खिडकीला नोव्हस, मेग्वायर्सचं प्लास्टएक्स, ब्रिटनमध्ये रेनोव्हो अशी पॉलिश वापरतात. काम सावलीत, एका वेळी तळहाताएवढा भाग. शीट लवचिक असल्यामुळे बाहेरून दाब दिला की ती आत जाते आणि नुसता हात फिरतो, म्हणून दुसऱ्या माणसाने आत बसून घडी केलेला टॉवेल पाठीमागे धरायचा. पॉलिश म्हणजे शेवटी वरचा थर घासून काढणं, त्यामुळे ते दर महिन्याला करायचं काम नाही, आणि नखाला लागणारा ओरखडा त्याने जात नाही. चीर पडली की पारदर्शक टेप हा फक्त तात्पुरता आधार. चेनवाली खिडकी तेवढीच बदलता येते, शिवलेली असेल तर जुनी शिवण उसवावी लागते किंवा अख्खं हुड बदलतात. एमएक्स-५ ला दुसऱ्या पिढीपासून आणि बॉक्सस्टरला २००३ च्या मॉडेलपासून काच आली, त्यामुळे आता हा प्रश्न मुख्यतः जुन्या गाड्यांचा.

आपल्याकडे हीच शीट जीपच्या रेक्झिन हुडात आणि रिक्षाच्या मागच्या छोट्या खिडकीत दिसते, महिंद्रा थारच्या २०१० च्या कापडी हुडालाही ती होती. बदलायचं काम कुशनवाला करतो. नवी शीट गुंडाळी करूनच आणावी, चौकोनी घडी घातली तर बसवण्याआधीच वळ पडतात.