स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे हो!

नवीन पोरांना व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवायचं सॉफ्टवेअर) शिकवताना दर बॅचला एक तरी जण म्हणतोच, "सर, स्नॅपशॉट घेतलाय ना, मग बॅकअप कशाला?" हे खूळ कुठून आलं देव जाणे. अरे बाबांनो, स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची नोंद, हवं तर परत तिथे जाता येतं) घेतला की डिस्कची कॉपी होत नाही, व्हीएमची डिस्क असते ती मूळ व्हीएमडीके फाईल नुसती फ्रीझ होते आणि त्यानंतरचं सगळं शेजारच्या डेल्टा फाईलमध्ये लिहिलं जातं, डेटास्टोअर (व्हीएमच्या फाईली ठेवायची जागा) उघडा, नावात ०००००१ दिसेल बघा. म्हणजे मूळ फाईल करप्ट झाली किंवा स्टोरेजच बसलं तर नुसती डेल्टा घेऊन काय करणार, लोणचं? बॅकअप हवा तर तो वेगळ्या स्टोरेजवर, आणि रिस्टोअर करून बघितलेला. वर ती डेल्टा फुगत फुगत मूळ डिस्कएवढी होऊ शकते, डेटास्टोअर भरला की व्हीएम जागच्या जागी थांबते, आणि हे नेमकं शनिवारी रात्रीच होतं (अनुभव आहे). म्हणून तर व्हीएमवेअर स्वतःच सांगतं की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पॅच मारायच्या आधी घ्या, सगळं नीट चाललं की डिलीट करा. डिलीट करायला पण पोरं घाबरतात, नवीन डेटा जाईल म्हणून. नाही जात, तो मूळ डिस्कमध्ये मर्ज होतो. जातो तो रिव्हर्ट केल्यावर, म्हणजे स्नॅपशॉटच्या वेळच्या स्थितीत परत गेल्यावर.