असुका तेरादाचे आठ शतांश

२००९ मध्ये १९ वर्षांची एक जपानी मुलगी १०० मीटर हर्डल्स १३.०५ सेकंदात पळाली. तीच मुलगी २०१९ मध्ये, म्हणजे वय २९ आणि घरी पाच वर्षांची लेक, १२.९७ मध्ये पळाली आणि १३ सेकंदांच्या आत येणारी पहिली जपानी बाई ठरली. मधल्या दहा वर्षांत रिटायरमेंट झाली, लग्न झालं, बाळंतपण झालं, रग्बी खेळून झालं, त्यात पाय मोडून झाला. नाव असुका तेरादा, गाव होक्काइदोमधलं साप्पोरो. ही जिद्दीची गोष्ट म्हणून सगळीकडे सांगतात आणि जिद्द आहेच, पण मला जास्त उत्सुकता आहे ती १३.०५ आणि १२.९७ मधल्या ०.०८ सेकंदाची. हे आठ शतांश आले कुठून?

आधी रेस समजून घेऊ, कारण बघणाऱ्याला वाटतं की यात उड्या मारायच्या असतात. उडी हा खरं तर तोटा आहे. दहा हर्डल्स, प्रत्येकाची उंची ८३.८ सेंटीमीटर, पहिला हर्डल १३ मीटरवर, मग दर साडेआठ मीटरवर एक आणि शेवटच्यानंतर साडेदहा मीटर मोकळे. पाय जमिनीवर असेल तरच जमिनीला मागे ढकलता येतं, हवेत असताना वेग वाढवायचा काही मार्गच नाही, त्यामुळे हवेतला प्रत्येक क्षण फुकट. बाईचा गुरुत्वमध्य उभं असतानाच साधारण ९० सेंटीमीटरवर असतो आणि चवड्यावर ताठ येऊन गुडघा वर घेतला की तो अजून वर जातो, म्हणजे हर्डलच्या वर तो आधीच असतो. मग चांगली हर्डलर करते काय, तर शरीर पुढे वाकवते, पुढचा पाय हर्डलवरून सुटला की झपकन खाली आणते आणि मागचा पाय मांडीतून बाजूला दुमडून काढते. तरीही हवेत साधारण एक तृतीयांश सेकंद जातोच.

आता गणित. हर्डलच्या साधारण दोन मीटर आधी पाय सुटतो, एक मीटर पुढे टेकतो. साडेआठातून हे तीन गेले, उरले साडेपाच, आणि त्यात स्टेप्स फक्त तीन. म्हणजे एक स्टेप सरासरी एक मीटर ऐंशी-पंच्याऐंशी सेंटीमीटर. साध्या १०० मीटरमध्ये याच लेव्हलच्या मुली दोन मीटरच्या वर स्टेप टाकतात. रेल्वेच्या रुळांमधल्या स्लीपरवरून चालताना कसं होतं, आपली चाल कितीही लांब असो, पाय स्लीपरच्या अंतरावरच टाकावा लागतो, तसंच हे. वेग म्हणजे स्टेपची लांबी गुणिले सेकंदाला किती स्टेप्स. लांबी आयोजकांनी आधीच ठरवून टाकलीय, स्टेप्सचा आकडाही सगळ्यांचा सारखाच, उरलं काय तर पाय किती भराभर पडतात तेवढंच. १३ सेकंदांच्या रेसमध्ये एका हर्डलपासून पुढच्या हर्डलपर्यंत अंदाजे १.०३ सेकंद लागतात. नायजेरियाच्या टोबी अमुसानचा २०२२ मधला वर्ल्ड रेकॉर्ड १२.१२ आहे, तिथे हेच अंतर सेकंदाच्या बरंच आत येतं.

यात एक गंमत अशी की मुलगी जितकी फास्ट आणि ताकदवान होत जाते तितका पुढचा हर्डल अंगावर येतो. वेग वाढला की स्टेप आपोआप लांबते, मग पाय हर्डलच्या फार जवळून सुटतो, तो ओलांडायला वर उडावं लागतं, वर उडलं की हवेत जास्त वेळ, आणि खाली येताना पाय शरीराच्या पुढे पडून ब्रेक लागतो. म्हणून हर्डल्समध्ये नुसता स्पीड वाढवून भागत नाही, तो स्पीड कोंबून बसवावा लागतो.

तेरादाची सुरुवात दणक्यात झाली. जपानच्या शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सलग तीन वर्षं पहिली, मग २००८, २००९, २०१० असं तीनदा नॅशनल चॅम्पियन, २००९ ला ग्वांगझूच्या आशियाई चॅम्पियनशिपमध्ये सिल्व्हर आणि बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्येही पळाली. आणि मग घसरण. दुखापती, त्यात खाण्याचा विकार, आणि २०१३ मध्ये २३ व्या वर्षी खेळ सोडला. हलकं असलं की फास्ट असतो हा समज खेळात फार खोल रुतलेला आहे आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो घातक आहे, कारण खर्चापेक्षा खाणं कमी पडत राहिलं की शरीर कामं बंद करायला लागतं, आधी पाळी, इस्ट्रोजेन घटतं, मग हाडं कमजोर, स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर), स्नायूंची दुरुस्ती मंद. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक कमिटीने या सगळ्या प्रकाराला रेड-एस (खेळात शरीराला पडणारी ऊर्जेची तूट) असं नाव दिलं ते २०१४ मध्ये, म्हणजे ती बाहेर पडल्यावर वर्षभराने. त्याच वर्षी तिला मुलगी झाली.

बाळंतपणाने खेळाडू बाई उलट जास्त दमदार होते असं नेटवर बरंच वाचायला मिळतं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं हे खरं, पण बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते पूर्ववत होतं, आणि १३ सेकंदांच्या रेसमध्ये बहुतेक एनर्जी स्नायूत साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिनमधून आणि ऑक्सिजनशिवाय साखर जाळून येते, तिथे जास्तीच्या रक्ताचा काय उपयोग? उलट पोटाचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणलेले असतात, ते परत कमवावे लागतात, आणि हर्डल्समध्ये मागचा पाय फिरवताना कंबर स्थिर ठेवायचं काम याच स्नायूंचं.

२०१६ च्या शेवटी ती सेव्हन्स रग्बीत, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीत गेली. सात-सात मिनिटांचे दोन हाफ, अख्खं मैदान, सतत थांबून परत सुसाट सुटायचं आणि धडका खायच्या. २०१७ मध्ये पायाचं हाड मोडलं आणि २०१८ च्या शेवटी ती परत ट्रॅकवर आली. माझं मत असं की रग्बीने तिला हर्डल्सचं काहीही शिकवलं नाही, पण हलकं शरीर हवं हा हट्ट तिथे चालतच नाही, टिकायचं तर स्नायू हवेत, आणि शून्यातून वेग पकडायचा सराव भरपूर होतो. परत आल्यावर ते जास्तीचं बळ साडेआठ मीटरमध्ये बसवायचं काम कोच दाइकी ताकानोबरोबर झालं, हे तेच ताकानो ज्यांचा शिष्य र्‍योता यामागाता २०२१ मध्ये १०० मीटर ९.९५ मध्ये पळाला.

१७ ऑगस्ट २०१९, फुकुई, १३.००, म्हणजे यव्होन कानाझावाच्या २००० सालच्या नॅशनल रेकॉर्डशी बरोबरी. दोन आठवड्यांनी फुजियोशिदाला १२.९७. दोहाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची पात्रता होती १२.९८, म्हणजे एका शतांशाने आत! त्या ०.०८ ची दहा हर्डल्सवर वाटणी केली तर एकेका हर्डलला आठ हजारांश सेकंद येतात, पाय जरा लवकर खाली आला की झालं. पण फिनिश लाइनला याच ०.०८ चे साठ-पासष्ट सेंटीमीटर होतात.

२०२१ मध्ये एप्रिलला १२.९६, जूनला १२.८७. टोकियो ऑलिंपिकची पात्रता १२.८४ होती, ती हुकली, रँकिंगवर जागा मिळाली. हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत १२.९५, सेमीफायनलमध्ये १३.०६ आणि बाहेर. मेडल वगैरेच्या जवळपासही नाही, तिथे गोल्ड जिंकलेली जॅस्मिन कमाचो-क्विन १२.३७ पळाली. पण या इव्हेंटमध्ये जपानी बाई ऑलिंपिक सेमीफायनलला पोचली ती २१ वर्षांनी, आधीची म्हणजे कानाझावाच, सिडनीला.

१३ चा आकडा फुटल्यावर मात्र जपानमध्ये रांगच लागली. मासुमी आओकी २०२२ मध्ये १२.८६, त्याच वर्षी माको फुकुबे १२.८२ आणि मग १२.७३, २०२४ मध्ये १२.६९. तेरादाचा १२.८७ चा रेकॉर्ड वर्षभरसुद्धा टिकला नाही.

आपल्याकडच्या लोकांनी तिला बहुतेक एकदाच पाहिलंय, तेही लक्ष न देता. जुलै २०२३, बँकॉक, आशियाई चॅम्पियनशिप, आपल्या ज्योती याराजीचं गोल्ड, वेळ १३.०९. दुसरी १३.१३ मध्ये आली ती ३३ वर्षांची तेरादा, तिसरी आओकी. ज्योती हाच १३.०९ आदल्या वर्षी कोझिकोडला पळाली होती, पण पाठीमागून वारा सेकंदाला २.१ मीटर होता आणि मर्यादा २.० ची, त्यामुळे तो नॅशनल रेकॉर्ड धरला गेला नाही. बँकॉकनंतर महिनाभरातच चेंगडूला ती १२.७८ पळाली, आणि आता तिच्यापुढेही तोच प्रश्न आहे, वाढलेला स्पीड त्या साडेआठ मीटरमध्ये बसवायचा कसा.